कॅमेरा चार, मागचं गेट

सकाळचे पावणेअकरा वाजले होते आणि शैलेंद्र ऑफिसच्या स्क्रीनवर आदली रात्र बघत बसला होता. गेले तीन दिवस त्याचं हेच चाललं होतं. संध्याकाळी घरी निघताना कॅमेऱ्याची सेटिंग्ज इथूनच बदलायची, सकाळी येऊन रात्रीचं रेकॉर्डिंग बघायचं, मान हलवायची, पुन्हा बदलायची. आज मान हलवावी लागली नाही. कुंपणाच्या पत्र्याची पन्हळ न् पन्हळ दिसत होती. वाळूत उमटलेले चपलांचे ठसे दिसत होते. गेटापाशी सात-आठजण उभे होते आणि ती आता माणसं होती. परवापर्यंत ते नुसते धुराचे पट्टे होते, कुठून आले कुठे गेले काही कळत नव्हतं. त्याने खुर्ची मागे रेलली. हाताखालचं काम जमल्यावर छातीत एक छोटीशी ऊब येते, ती आली. आणि तेवढ्यात चित्राच्या उजवीकडून एक बाई आली, दोन्ही हातांतल्या पिशव्या तिने खाली ठेवल्या, मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळावरची ओढणी सारली आणि कॅमेऱ्याच्या दिशेने वर बघितलं. ती हव्वाबी होती. खरं तर चेहरा वर होण्याआधीच, त्या मनगटावरूनच त्याला कळलं होतं. त्याने चित्र थांबवलं. चाची किती म्हातारी झाली, असं त्याच्या मनात आलं. आणि चित्र किती छान आलंय, असंही आलं. दोन्ही एकदमच आलं असावं. पुढे कितीतरी वेळा त्याने त्या दोन विचारांचा क्रम लावून पाहिला, पहिला चाचीचाच होता असं स्वतःला पटवायचा प्रयत्न केला, पण ते काही पटलं नाही.

"अरे वा! हे आपलंच का?" मागून सुरेश आला होता. सुरेश त्याचा मॅनेजर, मुलुंडचा, वयाने त्याच्याहून चार वर्षांनी लहान. "परवा नुसती भुतं दिसत होती. काय केलंस काय?"

शैलेंद्र सांगू लागला. अंधारात कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. उभ्या भिंती उजळ दिसतात, पण हलणारा माणूस पुसला जातो. म्हणून त्याने शटर फास्ट केलं. मग सगळं काळं झालं, म्हणून बाजूच्या खांबावर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा लावला. कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उलटा येत होता, तो बंद केला, तोंड जरासं फिरवलं, काचेवरची धूळ पुसली. चित्रातले दाणे घालवण्यासाठी कुणीतरी जे फिल्टर वर चढवून ठेवलं होतं ते खाली आणलं, कारण दाण्यांबरोबर नाक-डोळेही जात होते. तो गरजेपेक्षा जास्त बोलत होता. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की आपण बोलतोय तोवर सुरेश स्क्रीनवरचं दुसरं काही विचारणार नाही. पण कॅमेऱ्याच्या सेटिंग्जबद्दल किती बोलणार?

"ही बाई कोण? ओळखतोस का कुणाला ह्यातलं?"

"नाही," शैलेंद्र म्हणाला.

नेहमीच्याच आवाजात म्हणाला. कुणी पाणी हवंय का विचारल्यावर म्हणावं तसं.

"बाटल्या आहेत बघ पिशवीत," सुरेश पुढे वाकला. "क्लायंटला हेच हवं होतं. एक स्टिल काढून दे. चेहरा नीट येईल असं." शैलेंद्रने एकेक चौकट पुढे सरकवली. एकीत तिची मान वळली होती, एकीत समोरून कुणाचा तरी खांदा आडवा आला होता. ह्यातली कुठलीही देता आली असती. पण चांगली चौकट मागितली की हात चांगल्या चौकटीवरच जातो. सतरा वर्षांची सवय. त्याने सगळ्यात स्वच्छ होती ती काढली. तिच्यात हव्वाबी सरळ वर बघत होती आणि तिच्या हातातल्या दोन बाटल्या पांढऱ्याफेक दिसत होत्या. त्या दिव्यात सगळेच रंग जातात. बाराच्या आत तो फोटो क्लायंटकडे गेला.

तो मार्च २००९ होता. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या त्यांच्या ऑफिसात बावीस टेबलं होती आणि त्यातल्या तेरा टेबलांमागच्या खुर्च्या आत सरकवून ठेवलेल्या होत्या. मंदीत नवे टॉवर थांबले तसं नव्या इमारतींमध्ये कॅमेरे बसवण्याचं कामही थांबलं. आता राहिलेली कामं होती ती राखणीची. मुहैस्नाहचा तो लेबर कॅम्प, ज्याला सगळे सोनापूरच म्हणतात, अशातलाच. जिथली माणसं तिथे राहायची ती बांधकाम कंपनी डिसेंबरात बंद पडली, मालक देश सोडून गेला. कॅम्पचा मेस बंद झाला. बरेचसे कामगार कुठे कुठे पांगले, पण चाळीसेक जण कागदपत्रांच्या भानगडीत तिथेच अडकून राहिले. कॅम्प भाड्याने देणाऱ्या कंपनीला खोल्या रिकाम्या हव्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं, की मागच्या गेटाने रात्री चोऱ्या होतात, बाहेरची माणसं येतात, आणि कॅमेरा चारमध्ये काहीच दिसत नाही. दिवा लावायला शैलेंद्र स्वतः गेला, कारण टेक्निशियन दोघेही काढलेले होते. भर दुपारी शिडी वाळूत रुतत होती. खोलीच्या सावलीत बसलेला एक म्हातारा, करीमनगरकडचा असावा, न बोलावता उठून आला आणि त्याने शिडी धरली. वीस मिनिटं धरून उभा होता. मग म्हणाला, "साब, ये किसके लिए?" "तुम्हारी सेफ्टी के लिए," शैलेंद्र वरून म्हणाला. म्हाताऱ्याने मान डोलावली, त्याला ते पटलंही असेल. ते खोटं आहे हे तेव्हा शैलेंद्रलाही माहीत नव्हतं. किंवा त्याने ते माहीत करून घेतलं नव्हतं. ह्या शहरात दोन्हींत फारसा फरक राहत नाही.

हव्वाबी खेडजवळच्या खाडीकाठच्या गावची. नवरा लाँचवर कामाला होता, आणि शारजात रोला चौकाच्या मागे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती सडेफटिंग पोरांसाठी खानावळ चालवायची. १९९२ साली शैलेंद्र चोवीस वर्षांचा, पुण्याहून आलेला, एका खोलीत सहाजणांत एक पलंग घेऊन राहणारा. घरी कधी मासळी न शिवलेला. तिसऱ्या महिन्यात त्याला कावीळ झाली. खोलीतल्या इतरांनी त्याचा पेला वेगळा काढला आणि नंतर त्याच्याशी बोलणंही कमी केलं. हव्वाबीने चार दिवस डबा परत आलेला बघितला आणि पाचव्या दिवशी स्वतः जिना चढून आली. "उठ," म्हणाली. "इथं मेलास तर तुझ्या आईला काय सांगू? मला पुण्याचा पत्ताबी माहीत नाही." महिनाभर तो तिच्या पुढच्या खोलीत गादीवर पडून होता. ती त्याला मऊ पेज द्यायची, चमच्याने द्यायची, मनगटाच्या मागच्या बाजूने त्याचं कपाळ बघायची, कारण हात कायम पिठाचे किंवा मिठाचे असायचे. सात वर्षांची शहनाझ त्याच्या उशाशी बसून मोठ्याने पाढे म्हणायची आणि बारा सक बहात्तरवर अडायची. त्या महिन्याचं पुढे काय झालं? काहीच नाही. तो बरा झाला, नोकरी बदलली, लग्न झालं. अपर्णा नवी नवरी म्हणून इथे आली तेव्हा हव्वाबी नारळ आणि खण घेऊन आली होती. "तुमच्यात ओटी भरतात म्हणे. मला येत नाही. तूच घे पदरात, मी ओतते." नंतर ईदला जायचे, मग एखाद्या ईदला जायचे. दोन वर्षांपूर्वी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आल्यापासून शारजा फार लांब पडू लागलं. नवरा वारल्याचं कळलं तेव्हा फोन केला होता. तेवढंच.

फोटो गेल्यानंतर चौथ्या दिवशी शहनाझचा फोन आला. ती आता एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती आणि तिचा आवाज रिसेप्शनवरच्यासारखाच आधी नीट सुरू झाला. "शैलूभाई, शहनाझ बोलतेय. वेळ आहे ना?" मग एकदम मोडला. "अम्माला पकडलंय. सोनापूरला, कॅम्पच्या गेटवर. दारू विकते म्हणतात. शैलूभाई, अम्मा! घरात व्हिनेगरसुद्धा आणत नाही ती."

तो ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उभा होता. समोरच्या काचेतून अर्धवट टॉवर दिसत होता. त्याच्यावरची क्रेन दोन महिन्यांपासून एकाच दिशेला तोंड करून होती.

"ती तिथं कशाला जाते?" त्याने विचारलं. विचारण्यासारखं एवढंच त्याला सुचलं.

"जेवण द्यायला. त्यांचा मेस बंद झाला ना. आधी तिथल्या काहीजणांचे डबे लावलेले होते, मग कंपनी गेली, तर म्हणाली, आता काय डबा बंद करू? एक दिवसाआड जायची. भात, कालवण, आणि पाण्याच्या बाटल्यांत सोलकढी भरून. कुणीतरी फोटो काढलाय, त्यात त्या बाटल्या दिसतायत. शैलूभाई, वकील म्हणतो, नुसतं जेवण वाटत होती हे दाखवता आलं तर दंडावर निभावेल. नाहीतर डिपोर्ट करतील, परत कधी येता येणार नाही. तुम्ही कॅमेऱ्याच्या लाइनमधले. तिथला कॅमेरा कुणाचा आहे ते शोधता येईल का? पुढचं मागचं रेकॉर्डिंग असेल ना?"

"बघतो," तो म्हणाला.

"इन्शाल्ला," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते ऐकून तो भिंतीला टेकला.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत, उरलेले आठजण खाली गेल्यावर, त्याने पहिल्यांदा ते पूर्ण बघितलं. अकरा मिनिटं होती. हव्वाबी पिशवीतून डबे काढते. माणसं कुंपणाला पाठ लावून ओळीने बसतात, ढकलाढकली करत नाहीत. शिडी धरणारा तो म्हातारा ओळीत दुसरा आहे. ती त्याच्या ताटलीत भात घालते, मग बाटलीचं झाकण दाताने फिरवते आणि भातावर ओतते. तो हाताने कालवतो, खातो, अंगठा चाटतो. दारू कुणी भातावर ओतून घेत नाही. दहा वर्षांच्या पोरालाही कळेल असं ते होतं, आणि इतकं स्वच्छ होतं, की भाताची शितं जवळजवळ मोजता आली असती. आधीच्या सेटिंग्जवर ह्यातलं काहीच दिसलं नसतं. पण मग तो फोटोही निघाला नसता. रेकॉर्डर पंधरा दिवसांचं साठवतो आणि त्यानंतर जुन्यावरच नवं लिहीत जातो. चार दिवस गेले होते. अकरा राहिले होते. अकरा मिनिटं, अकरा दिवस, असं त्याच्या डोक्यात उगाच बसलं आणि पुढे घरी जाताना, एमिरेट्स रोडवर, ते गाडीच्या चाकांबरोबर फिरत राहिलं.

अपर्णा घेवडा निवडत होती. त्याने सगळं सांगितलं, फोटो आपणच काढून दिला हेही सांगितलं. एवढं तरी तो करू शकला. ती हात न थांबवता ऐकत होती.

"शहनाझला सांगितलंस? की कॅमेरा तूच लावलास म्हणून?"

"नाही."

"बरं केलंस." मग तिचे हात थांबले. बराच वेळ ती शेंगेची शीर धरून बसली. "तिनं माझी ओटी भरली होती रे," म्हणाली, पण ते 'बरं केलंस' परत घेण्यासाठी नव्हतं, हे त्याला समजलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली की समजतं. "तुझी नोकरी गेली तर महिन्यात व्हिसा जातो. अनन्याची नववी चालू आहे. तिला मध्येच तिकडं कुठल्या शाळेत घालणार? आपल्या खालच्या मजल्यावरचे ते दोघं, रात्रीत गेले. फ्रिजमध्ये दूध होतं म्हणे."

अनन्या दाराशी उभी होती. कधीपासून कोण जाणे. "वेट," ती म्हणाली. "बाबा, यू हॅव द व्हिडिओ?"

"माझा नाहीये तो. क्लायंटचा आहे."

"बट यू हॅव इट. अँड शी डिडन्ट डू इट."

"इतकं सोपं नसतं गं."

"हाऊ इज इट नॉट?"

"तू आत जा. अभ्यास कर," अपर्णा म्हणाली. अनन्या गेली. तिने दार आपटलं असतं तर शैलेंद्रला बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावलं, जसं आजाऱ्याच्या खोलीचं लावतात. त्यानंतर तिने ह्याबद्दल कधीही विचारलं नाही. शाळेचं विचारायची, गाडीची किल्ली कुठे आहे विचारायची. पण काय बरोबर, काय चूक, असला प्रश्न घेऊन ती पुन्हा त्याच्याकडे आली नाही, आणि हे लक्षात यायलाच त्याला वर्ष लागलं.

पुढचे दिवस तो मनात वाक्यं जुळवत होता. सकाळी गाडीत वाक्य तयार असायचं, ऑफिसच्या लिफ्टमध्ये त्याचा एखादा शब्द जड वाटायचा, टेबलाशी पोचेपर्यंत नुसतं 'गुड मॉर्निंग' उरायचं. शहनाझचा रोज एक मेसेज यायचा. काही कळलं का? तो लिहायचा, चालू आहे. आठव्या दिवशी तो सुरेशच्या केबिनमध्ये गेला, आणि उभ्यानेच बोलला, बसलो तर उठून जाऊ अशी त्याला भीती वाटत होती.

"त्या कॅम्पच्या फुटेजमध्ये ती बाई जेवण वाटतेय. दारू नाहीये ती. पुढं सगळं दिसतंय."

"मग?"

"क्लायंटला सांगायला हवं ना."

सुरेशने पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता. शैलेंद्रला पुढे वर्षानुवर्षं ह्याचाच राग येत राहिला. "शैलेंद्र, त्यांच्याकडे पण तेच रेकॉर्डिंग आहे. त्यांना दिसलं नसेल असं वाटतं तुला? त्यांना कॅम्प रिकामा करायचाय. ती बाई खायला घालत होती म्हणून ती माणसं टिकून होती. बाटलीत काय होतं त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाहीये. त्यांचं काम झालं. खलास."

"पण तिला डिपोर्ट करणारेत."

"तुला कसं माहीत?" सुरेशने वर बघितलं. "ओळखतोस का तू तिला?"

इथे ते वाक्य होतं. सगळे शब्द जागच्या जागी होते: हो, तिनं मला महिनाभर सांभाळलं होतं. त्याने ओठ उघडले.

"नाही. कॅम्पवरच्या वॉचमनकडून ऐकलं."

"गुड. हे बघ, गुरुवारी एचआरला कमी करायच्या लोकांची लिस्ट जातेय. तुझं नाव होतं तिच्यात. ह्याच कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवून मी ते काढायला लावलं. म्हटलं, रात्रीचं असं चित्र दुसरं कोणी काढून दाखवा. आता फुटेज बाहेर गेलं तर तू पण जाशील, मी पण जाईन. प्लीज, यार."

'थँक्स,' असं म्हणून शैलेंद्र बाहेर आला. खरंच म्हणाला थँक्स. टेबलाशी बसल्यावर एक लाजिरवाणी गोष्ट घडली, त्याला कडकडून भूक लागली. नाव लिस्टमधून गेलं होतं. त्याने डबा उघडला आणि साडेदहा वाजताच तो सगळा खाल्ला.

तेराव्या दिवशी त्याने ती अकरा मिनिटं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. का घेतली, हे त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. पुसलं जाऊ दिलं असतं तर निदान गोष्ट हातातून गेली असती. पण चौदा, पंधरा, सोळा असे दिवस गेले, रेकॉर्डरमधून ती तारीख नाहीशी झाली, आणि ती अकरा मिनिटं आता जगात एकाच ठिकाणी उरली: त्याच्या बेडरूममधल्या ड्रॉवरमध्ये, पासपोर्टांच्या खाली. सतराव्या दिवशी त्याने शहनाझला फोन केला. "नाही मिळालं गं. पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं." ह्यातलं दुसरं वाक्य खरं होतं. पलीकडून ती म्हणाली, "तुम्ही इतकी धावपळ केलीत, शैलूभाई. अम्माला सांगते मी." त्याने नको म्हणायला हवं होतं. आठवड्याभरात हव्वाबीला पाठवून दिलं. विमानतळावर मुलीला तिच्याकडे कपड्यांची पिशवी देता आली, बाकी काही नाही. शैलेंद्र गेला नाही. त्या दिवशी त्याला एका गोदामाचे कॅमेरे बघायला जायचं होतं, आणि ते कामही होतंच, खोटं नव्हतं.

एप्रिलअखेर कॅम्प रिकामा झाला. सामान काढायला पुन्हा त्यालाच पाठवलं. खोल्यांची दारं उघडी होती, भिंतींवर तेलुगू कॅलेंडरं तशीच होती, एका खिडकीत दाढीचा ब्रश वाळत ठेवलेला. त्याने वॉचमनला त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं, शिडी धरली होती तो. "सब गया, साब," वॉचमन म्हणाला, आणि शिडी धरायला पुढे आला नाही. दिवा काढताना काच अजून गरम होती. पुढची दोन-अडीच वर्षं शैलेंद्रला काम कमी पडलं नाही. लोक घाबरलेले असले की रात्री नीट दिसायला हवं असतं. दागिन्यांच्या दुकानांचे मागचे दरवाजे, बंद व्हिला, शाळेच्या बसची जागा. क्लायंट नाव घेऊन मागायचे, तो तुमचा नाइटवाला पाठवा. नव्या पोरांना तो शिकवायचा, की आधी शटर बघा, मग दिवा, फिल्टरच्या मोहात पडू नका. शिकवताना त्याचा आवाज कोरडा असायचा, पोरांना वाटायचं सर कडक आहेत.

२०११च्या नोव्हेंबरात शहनाझचा मेसेज आला. अम्मा गेली. गावी, झोपेतच. त्या जुन्या खानावळीतल्या सगळ्यांना तिने तोच पाठवला होता. शैलेंद्र शुक्रवारी दुपारी नमाजानंतर तिच्याकडे गेला. अपर्णा येते म्हणाली होती, पण ऐन वेळी तिचं डोकं दुखायला लागलं. निघताना त्याने लॅपटॉपच्या बॅगेत पेन ड्राइव्ह टाकला. टाकला म्हणजे दाखवायचं ठरवलं असं नव्हतं. शारजाला पोचेपर्यंत त्याने दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. शहनाझ सव्वीस वर्षांची होती, चेहरा आईचा, पण चष्मा. तिने चहा केला. ह्या घरात चाचीचं काहीच नव्हतं, एक फोटो सोडला तर, आणि तोही पासपोर्टचा मोठा केलेला.

"अम्मा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची," ती म्हणाली. "गावात सांगायची सगळ्यांना. माझ्यासाठी शैलूनं कॅमेरावाल्यांशी भांडण केलं, म्हणायची. मी तिला सांगितलं होतं तसं. तिला बरं वाटायचं."

कप त्याच्या हातात होता. तो प्यायचा की ठेवायचा हे त्याला ठरवता येईना. पुढे जे घडलं ते धैर्य नव्हतं. शेजारच्या खोलीतून धूर यायला लागला की माणूस उठून बाहेर पडतो, तसं ते होतं. ते कौतुक ऐकत तिथे बसणं त्याला शक्य नव्हतं, एवढंच. त्याने बॅग उघडली.

"हे काय?"

"बघ."

तिने बघितलं. ओढणी सारून हव्वाबीने वर पाहिलं तिथे शहनाझने हात तोंडावर नेला. मग डबे, ओळ, म्हातारा, भात, बाटली. अकरा मिनिटं खालच्या रस्त्यावर एक गाडी हॉर्न वाजवत होती आणि थांबत होती.

"हे पुसलं गेलं होतं ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कुठं होतं?"

"माझ्याकडे. घरी."

"तेव्हापासून?"

"हो."

ती विचार करत होती. पाढे म्हणताना अडायची तेव्हासारखी भुवई आक्रसली होती. "कॅमेरा कुणी लावला होता?"

"मी."

"आणि तो फोटो?"

"मीच काढून दिला. मला विचारलं होतं, ओळखतोस का. मी नाही म्हटलं."

तो थांबला. आता ती ओरडेल, असं त्याला वाटलं, आणि ओरडावं अशी त्याची इच्छा होती, फार मोठी इच्छा. तिने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

"आवाज नाहीये?"

"नाही. त्या कॅमेऱ्याला माइक नव्हता."

"ती काहीतरी बोलतेय इथं. हे बघा, सगळे हसतायत." ती स्क्रीनजवळ गेली. "माझ्याकडे फोटो आहेत तिचे. चालतानाचं काहीच नाही. गुडघ्यामुळं असा एक पाय ओढायची. विसरलेच होते मी." मग तिने विचारलं, दवाखान्यात एखाद्याला विचारावं तसं, "चेहरा मोठा करता येतो का?"

त्याने केला. हव्वाबीचा चेहरा वाढत गेला, आणि मग त्याचे करडे चौकोन झाले.

"ह्याहून क्लिअर?"

"नाही होत. रेकॉर्ड झाल्यावर काही करता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. चेहरा पुन्हा लहान केला. "लॅपटॉप राहू दे आज. मला कॉपी करून घ्यायचंय. उद्या कुरियरनं पाठवते. तुम्ही येऊ नका." तिने एक कागद पुढे केला. "पत्ता लिहून द्या."

त्याने ऑफिसचा पत्ता लिहिला. दुबई सिलिकॉन ओएसिस, इमारतीचं नाव, मजला. अक्षर नेहमीसारखं सुवाच्य आलं. बूट घालायला तो दाराशी वाकला. नाडी दोनदा सुटली. शहनाझ कागद वाचत उभी होती.

"ऑफिस तेच आहे अजून?"

"हो."

"नोकरी टिकली मग," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.